‘नाही’ चालणार नसेल तर मुलांना विचारावं का?

रानजाई

लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. शेवटी इथे लिहितेय, कारण घरात या विषयावर आता कुणीच आवाज न चढवता बोलू शकत नाही.

माझा भाचा तेरा वर्षांचा आहे. त्याला अप्लास्टिक ॲनिमिया झालाय, म्हणजे हाडांतल्या मज्जेत रक्त तयार होणंच जवळपास थांबलंय. डॉक्टरांनी बोन मॅरो ट्रान्सप्लांट सुचवलं. घरातल्या सगळ्यांच्या तपासण्या झाल्या आणि पूर्ण जुळली ती त्याची सख्खी बहीण. वय वर्षं नऊ.

भाऊ-वहिनींनी सह्या केल्या. त्यांच्याशिवाय कोण करणार? पण परवा रुग्णालयातून निरोप आला की दुसऱ्या एक डॉक्टर मुलीशी एकटीशी बोलतील आणि तिची तयारी आहे का ते बघतील. वहिनी भडकली. "ती घाबरून नाही म्हणाली तर काय मुलाला मरू द्यायचं? आणि तिचं ‘नाही’ चालणार नसेल तर हे विचारायचं नाटक कशाला?" भाऊ म्हणतो, तिच्या अंगातून काढायचंय, तिला न विचारता कसं? मला दोघांचंही पटतं, तिथेच पंचाईत आहे.

त्यात तिच्या काकाने तिला ‘हो’ म्हणालीस तर सायकल घेईन असं कबूल करून ठेवलंय.

तर नऊ वर्षांच्या मुलीच्या ‘हो’ला किंमत काय? आणि ‘नाही’ला?

तिरकस

लहानपणी मला घरात एकच प्रश्न विचारला जायचा, "मार हवाय का?" तिथेही ‘नाही’ चालत नव्हतं.

कलमबहाद्दर

आधी शब्द नीट लावून घेऊ. कायद्याच्या मराठीत अठराच्या आतला तो अज्ञान आणि वरचा सज्ञान. अज्ञान व्यक्तीने दिलेली संमती कायद्याला सहसा पुरत नाही. पालक देतात ती परवानगी आणि मूल देतं तो होकार. तुमच्या भाचीकडून मागताहेत तो होकार.

आता खरी गोम. मुलाच्या वतीने सही करायचा हक्क पालकांना मिळतो तो त्या मुलाच्या हितासाठी. अपेंडिक्स काढायला सही केली तर भूलही त्याच मुलाला आणि बरंही तेच होणार. इथे टोचायचं एकीला आणि बरं व्हायचं दुसऱ्याने. शिवाय दोघांचे पालक तेच. एकाच वकिलाने वादी आणि प्रतिवादी दोघांचं वकीलपत्र घेतलं तर त्याला कोर्टात उभं तरी करतील का?

म्हणूनच किडनी-लिव्हरच्या बाबतीत कायदा कडक आहे. भारतात १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात दाता म्हणजे १८ पूर्ण केलेली व्यक्ती, अशी व्याख्याच आहे. २०११ ची दुरुस्ती आणि २०१४ चे नियम यांनी अज्ञान जिवंत दात्याला दार जवळपास बंद केलं. फक्त अपवादात्मक वैद्यकीय कारण असेल, ते सविस्तर नोंदवलेलं असेल आणि सक्षम प्राधिकारी व राज्य सरकार यांची आधी मान्यता असेल तरच. स्कॉटलंडच्या २००६ च्या कायद्यात तर सोळाच्या आतल्या जिवंत मुलाचा अवयव दुसऱ्यासाठी म्हणून काढताच येत नाही.

मज्जा मात्र सगळीकडे वेगळी धरतात, कारण ती भरून येते. भावंडांमध्ये लहान मुलं सर्रास दाते असतात.

उंटावरचा शहाणा

सतराव्या वर्षी सगळ्या जगाची अक्कल आपल्याकडेच आहे असं वाटतं, तेव्हा कायदा अज्ञान म्हणतो. आता चाळिशीत काही म्हणजे काही कळत नाही, तर सज्ञान!

भूलवाला

व्यवसायाने भूलतज्ज्ञ आहे, अशा दात्यांना भूल दिलेली आहे, म्हणून थोडं.

भावंडं पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. आईवडील बहुतेक वेळा निम्मेच जुळतात. त्यामुळे शोध लहान मुलापाशी येऊन थांबतो, त्यात कुणाचा डाव नसतो. मज्जा कमरेच्या मागच्या हाडातून सुईने ओढतात, पूर्ण भूल देऊन. दात्याच्या वजनाच्या दर किलोमागे साधारण १० ते २० मिली. पाठ काही दिवस ठणकते, मज्जा काही आठवड्यांत भरून येते. दाता लहान आणि घेणारा थोराड असेल तर जास्त ओढावी लागते आणि कधी दात्यालाच रक्त चढवायची वेळ येते. हे पालकांना आधी सांगायला हवं, पुष्कळदा ओझरतं सांगितलं जातं.

किडनीचं गणित वेगळं. ती परत उगवत नाही. दाता दगावण्याचा धोका दहा हजारांत साधारण एक ते तीन, पण नऊ वर्षांच्या मुलाला पुढची साठ-सत्तर वर्षं एका किडनीवर काढायची असतात. लिव्हर वाढून येतं, पण तिथे दात्याचा धोका किडनीपेक्षा बराच जास्त.

रानजाई, वहिनींच्या बोलण्यातली एक गोष्ट मात्र मला खटकली. मुलीने नाही म्हटलं म्हणजे मुलगा गेलाच, असं अप्लास्टिक ॲनिमियात नसतं. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांचा उपचार आहे, बाहेरचा जुळणारा दाता शोधता येतो. सख्ख्या भावंडाची पूर्ण जुळणारी मज्जा सगळ्यात चांगली, पण तो एकच रस्ता नव्हे.

हेमाडपंती

सगळे फार शहरी आणि शहाणं बोलताय. माझं मत लोकांना आवडणार नाही.

नऊ वर्षांच्या पोरीला "तुझ्या भावाला वाचवशील का?" विचारणं हा मला तिच्यावरचा अन्याय वाटतो. तिने ‘हो’ म्हटलं तर त्यात तिचं कर्तृत्व काय, सगळं घर श्वास रोखून बसलंय. ‘नाही’ म्हटलं आणि भावाचं बरंवाईट झालं तर ते ओझं ती जन्मभर वाहील. आईबाप कशासाठी असतात? असले निर्णय स्वतःच्या डोक्यावर घ्यायला. तिला सांगा की आम्ही असं ठरवलंय, थोडं दुखेल, आम्ही तुझ्याजवळ आहोत. संपलं. उद्या काही चुकलं तर दोष आईबापांचा, तिचा नाही.

विचारणाऱ्याला बरं वाटावं म्हणूनही पुष्कळदा विचारलं जातं.

तिरकस

हेमाडपंतींशी सहमत व्हावं लागतंय. तब्येत बरी नसावी माझी.

काजवा

मी इथे फक्त वाचायला येतो. हा धागा पाहून लिहितोय.

मी अकरा वर्षांचा असताना मोठ्या भावाला मज्जा दिली. मला कुणी विचारलं नव्हतं. हेमाडपंती म्हणतात तसंच, सांगितलं होतं. "तुझी मज्जा दादाला द्यायची आहे." मी बोन मॅरो हा शब्द ऐकलेला नव्हता. मला मज्जा म्हणजे मजाच माहीत. माझी मजा काढून दादाला देणार, मग मला उरणार का, हे मी दोन रात्री विचार करत पडलो होतो. कुणाला विचारलं नाही, कारण सगळे रडत होते आणि प्रश्न बावळट वाटला असता.

भाऊ चार महिन्यांनी गेला.

घरात मला कुणीही, कधीही, एका शब्दाने दोष दिला नाही. पण एक नातेवाईक शेजारच्या खोलीत म्हणाले, "धाकट्याची मज्जा लागू पडली नाही." ते वाक्य मी कॉलेज संपेपर्यंत घेऊन फिरलो. आईबापांनी निर्णय डोक्यावर घेतला होता, तरी अपयश माझ्याच अंगातलं होतं ना. पुढे एका डॉक्टरांनी भावाचे जुने कागद पाहून सांगितलं की मज्जा रुजली होती, तो संसर्गाने गेला. इतक्या वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

त्यामुळे विचारावं की नाही यावर माझं पक्कं मत नाही. विचारलं असतं तर मी ‘हो’च म्हणालो असतो. पण विचारायला कुणीतरी बसलं असतं तर त्या मजेचा उलगडा तरी झाला असता.

सुमन_त

काजवा, वाचून काही सुचत नाहीये. लिहिलंत हे बरं केलंत.

हेमाडपंती

काजवा, मी लिहिलेलं मागे घेत नाही, पण "संपलं" हा शब्द मागे घेतो.

ग्रंथकीटक

या वादाला साठसत्तर वर्षांचा इतिहास आहे. १९५४ साली बॉस्टनमध्ये पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण झालं ते जुळ्या सज्ञान भावांत. तीनच वर्षांत अज्ञान जुळ्यांची प्रकरणं मॅसॅच्युसेट्सच्या कोर्टात आली. त्यात १९ वर्षांचे होते (तेव्हा सज्ञान व्हायला २१ लागत) आणि १४ वर्षांचेही. दात्याला फायदा काय, हा पेच न्यायाधीशांनी असा सोडवला की भाऊ मेला तर दात्याच्या मनावर गंभीर आघात होईल, तो टळतो हाच त्याचा फायदा.

१९७२ मध्ये कनेटिकटमध्ये आठ वर्षंही पूर्ण न झालेल्या जुळ्या बहिणींबाबत कोर्टाने किडनीला परवानगी दिली. त्याआधी १९६९ ला केंटकीत तर २७ वर्षांच्या, पण बुद्धीने सहा वर्षांच्या माणसाची किडनी भावाला द्यायला चार विरुद्ध तीन मतांनी हो म्हटलं.

उलट बाजूला इलिनॉयमधलं १९९० चं प्रकरण. साडेतीन वर्षांची जुळी, त्यांचा सावत्र भाऊ ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाने आजारी. तिघांचे वडील म्हणत होते जुळ्यांना मज्जेसाठी तपासा, जुळ्यांची आई नाही म्हणत होती. कोर्टाने आईचं ऐकलं. जुळी त्या भावाला आयुष्यात दोनदाच भेटली होती, तेव्हा नात्याचा फायदा म्हणायला नातं तर हवं. तो मुलगा त्याच वर्षी गेला.

शंकासुर

हा "मानसिक फायदा" म्हणजे कोर्टाने काढलेली पळवाट आहे. भाऊ वाचला तर फायदा, हे मान्य. पण काजवा यांच्यासारखं झालं तर? तेव्हा तो फायदा उलटा फिरतो, आणि कोर्टाच्या कागदावर मात्र तो आधीच जमा झालेला असतो.

दुसरं. १९७८ ला पिट्सबर्गमध्ये एकाने नात्यातल्या भावाविरुद्ध दावा लावला की याची मज्जा जुळतेय आणि हा देत नाही. न्यायाधीश म्हणाले की हा नकार नैतिकदृष्ट्या असमर्थनीय आहे, तरी मी सक्ती करणार नाही. मागणारा त्याच वर्षी वारला. म्हणजे धडधाकट सज्ञान पुरुषाला ‘नाही’ म्हणायचा पूर्ण हक्क, त्यासाठी कुणी मेलं तरी. आणि नऊ वर्षांच्या मुलीच्या वतीने दुसरेच ‘हो’ म्हणणार. जो जास्त दुबळा त्याला संरक्षण कमी, हा कुठला न्याय?

कलमबहाद्दर

शंकासुर, मांडणी फक्कड आहे, पण अर्धीच. मुलांचा ‘नाही’ पूर्ण बेदखल नाही. युरोपच्या १९९७ च्या ओविएदो करारात, जी व्यक्ती संमती देऊ शकत नाही तिच्याकडून पुन्हा भरून येणाऱ्या पेशी घ्यायला अटी आहेत. संमती देऊ शकणारा दुसरा जुळणारा दाता नसावा, घेणारा सख्खं भावंड असावा, जीव वाचण्याची आशा असावी आणि शेवटची अट, दात्याने हरकत घेतलेली नसावी. सगळ्या देशांनी तो स्वीकारलेला नाही, पण विचार बघा. होकार मागत नाहीत, हरकतीला मात्र मान देतात. इंग्लंडमध्ये समज न आलेल्या मुलाच्या मज्जेसाठी ह्यूमन टिश्यू ॲथॉरिटी या सरकारी नियामक संस्थेची मान्यता लागते आणि त्याआधी त्यांचा मुलाखतकार मुलाला व पालकांना भेटतो.

इंग्लंडमधली आणखी एक गंमत. सोळा वर्षांच्या मुलाला स्वतःच्या उपचाराला कायद्याने संमती देता येते, पण १९९२ च्या एका निकालात अपील कोर्टाने म्हटलं की ही तरतूद रक्त किंवा अवयव देण्याला लागू नाही. कारण देणं हा देणाऱ्याचा उपचार नव्हेच.

मधुमालती

अवांतर होईल, पण बापाला लिव्हर देणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीचं काय? केरळ उच्च न्यायालयाने २०२२ च्या शेवटी एकीला परवानगी दिली होती. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयात सोळा वर्षांच्या मुलीला अंतरिम दिलासा मिळाला नव्हता. अशा मुली स्वतः कोर्टात जातात, म्हणजे होकार तर पक्का आहे!

उंटावरचा शहाणा

पक्का कसा? बाप अंथरुणाला खिळलाय, घर त्याच्या पगारावर चालतं. त्यात "मला द्यायचंय" हे वाक्य कुठून आलं ते कसं शोधणार?

मधुमालती

मग ते चाळीस वर्षांच्या सुनेलाही लागू आहे की! तिच्यावर दबाव नसतो? ती सज्ञान आहे म्हणून कुणी विचारतही नाही. सतरा वर्षं अकरा महिन्यांच्या मुलीला कोर्ट आणि अठरा वर्षं एक दिवसाच्या मुलीला नुसती सही?

भूलवाला

मधुमालती, सज्ञान दात्यांसाठी एक जुनी सोय आहे. एकांतात दाता म्हणाला की मला द्यायचं नाही, तर डॉक्टर घरच्यांना एवढंच सांगतात की दाता योग्य नाही. कारण विचारायचं नाही, सांगायचं नाही. यावर नीतिशास्त्रवाल्यांमध्ये मारामाऱ्या आहेत, कारण ती सभ्य भाषेत थाप आहे. पण त्या थापेने कितीतरी सुना वाचल्या असतील.

लहान मुलांना ही सोय क्वचितच मिळते, कारण ते जुळतं हे घरभर आधीच जाहीर झालेलं असतं. खरं तर मुलाशी बोलणं जुळणी तपासायच्याही आधी व्हायला हवं. रक्त घेऊन निकाल आल्यावर ‘नाही’ची किंमत दसपट वाढते.

आणखी एक कळीची गोष्ट राहिली. ‘नाही’ला एक शेवटची तारीख असते. प्रत्यारोपणाआधी रुग्णाला जोरकस औषधं देऊन त्याची उरलीसुरली मज्जा मोडतात. ती सुरू झाली आणि मग दात्याने माघार घेतली तर रुग्णाकडे काहीच उरत नाही. म्हणून जे काही विचारायचं ते त्या दिवसाच्या पुष्कळ आधी. आदल्या संध्याकाळी विचारलं तर वहिनी म्हणतात ते नाटकच.

सुमन_त

सायकलचं कुणीच बोलत नाहीये! अवयवाचा मोबदला देणं गुन्हा आहे ना? काकांना अटक?

कलमबहाद्दर

सायकलवर दावा लावायला मी फी घेणार नाही. पण गमतीचा भाग सोडला तर प्रश्न बरोबर आहे. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पेडिआट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्ये अज्ञान अवयवदात्यांसाठी पाच अटी मांडल्या, त्यातली एक अशी की मुलाचा होकार दडपणाशिवाय असावा. दडपण धमकीचंच असतं असं नाही.

निंबोणी

माझ्या धाकट्याने थोरल्याला मज्जा दिली, त्याला आता बरीच वर्षं झाली. दोघंही ठीक. म्हणून एक वेगळंच सांगते. तुम्ही सगळे देणारीबद्दल बोलताय. घेणाऱ्याला कुणी विचारलं?

माझा थोरला तेव्हा चौदाचा होता. त्याने मला सांगितलं, "त्याला सुया टोचणार असाल तर मला नको." आम्ही त्याला गप्प केलं. पुढे कित्येक वर्षं दोघं भांडले की धाकटा एकच वाक्य टाकायचा, "माझं रक्त परत दे." थोरला गप्प व्हायचा. आम्ही हसायचो. एकदा नीट बघितलं, तो गप्प होताना पांढरा पडायचा. त्या दिवशी धाकट्याला बसवून ते वाक्य कायमचं बंद केलं.

तेरा वर्षांचा मुलगा पण अज्ञानच आहे. घेण्याची संमतीही त्याच्या वतीने दिलेली असते.

तिरकस

निंबोणीताई, हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. मी विनोद करणार होतो, राहू दे.

शंकासुर

मृत मुलांच्या अवयवदानाबद्दलही बोलायला हवं. तिथे तर मूल काहीच...

संपादक

शंकासुर, तो वेगळा आणि मोठा विषय आहे. वेगळा धागा काढा, इथे मूळ प्रश्नावर राहू.

कलमबहाद्दर

एका ओळीत उत्तर देऊन थांबतो. मेंदूमृत अज्ञान मुलाच्या बाबतीत भारतात आई किंवा वडील यांपैकी कुणीही एक परवानगी देऊ शकतो. बाकी नव्या धाग्यावर.

रानजाई

सगळ्यांचे आभार. वेगवेगळी उत्तरं देणं जमत नाहीये, म्हणून एकत्र लिहिते.

भूलवाला, तुमचा प्रतिसाद वाचल्यावर भावाने थेट विचारलं, तिने नाही म्हटलं तर काय? डॉक्टर म्हणाले, तर आम्ही थांबू, कारण शोधू, आणि भीती असेल तर ती घालवायचा प्रयत्न करू. तरीही नाहीच म्हणाली तर औषधांचा उपचार आणि बाहेरचा दाता. हे ऐकून वहिनी जरा सैल झाली. तिला कुणी हे सांगितलंच नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि त्या अवस्थेत ऐकू गेलं नसेल.

काजवा यांचं लिहिणं मी दोघांना वाचून दाखवलं. विचारलं नाही, माफ करा.

काल त्या डॉक्टर भाचीशी पाऊण तास बोलल्या. आत काय झालं ते आम्हाला सांगितलं नाही, सांगणारही नाहीत. मुलगी तयार आहे एवढंच. पण बाहेर येऊन त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, सायकल द्यायची असेल तर ‘हो’शी न जोडता आत्ताच द्या, नाहीतर देऊच नका. दुसरी, काही बिनसलं तर ते तुझ्या मज्जेमुळे नाही हे तिला आत्ताच सांगा, नंतर सांगून उपयोग नसतो.

संध्याकाळी भाऊ तिला ते सांगायला बसला. त्याने सुरुवात करायच्या आधीच ती म्हणाली, "बाबा, दादाला आवडली नाही तर परत घेता येते का?" भावाला आधी वाटलं सायकलबद्दल बोलतेय.

काजवा

विचारायला नको होतं, बरंच झालं वाचून दाखवलंत. भाच्याशीही कुणी एकट्याने बोललं का? निंबोणीताईंचं वाचलंय ना त्यांनी?

रानजाई

वाचलंय. त्याच्याशी सोमवारी बोलणार आहेत. वहिनीनेच सांगितलं त्यांना.

तिरकस

आणि सायकल?

रानजाई

आली. तिला अजून पाय टेकत नाहीत. तो खिडकीतून सूचना देतोय आणि ती एकही ऐकत नाहीये.